केंबरे

केंबरे : उंबराच्या फळात जन्मणारा व उंबराच्या फुलांचे परागण घडवून आणणारा एक अतिसूक्ष्म कीटक. हायमेनॉप्टेरा गणाच्या अगॅओनिडी कुलात याचा समावेश होत असून याचे शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स असे आहे. मुंग्या, मधमाश्या व गांधील माश्या याच गणातील होत. गुस्टाव्ह मायर या ऑस्ट्रियन कीटकवैज्ञानिकांनी १८८५ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले. ‘फ्युसिसेप्स’ या लॅटिन जातिवाचक नावाचा अर्थ ‘काळपट डोक्याचा’ असा आहे. उंबराचा (फायकस रेसिमोझा, जुने नाव फायकस ग्लोमेराटा) प्रसार भारत व श्रीलंकेपासून दक्षिण चीन, आग्नेय आशिया व उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. या सर्व प्रदेशात केंबऱ्याची एकच जाती असावी असे पूर्वी मानीत. तथापि अलीकडील जनुकीय अभ्यासांवरून या नावाखाली परस्परांशी निकटचे नाते असलेली, पण प्रदेशपरत्वे भिन्न झालेली अनेक रूपे असल्याचे दिसून आले आहे. महाराष्ट्रात कोकणापासून विदर्भापर्यंत जेथे उंबर आहे तेथे केंबरे आढळते. ठाणे, ठाकुर्ली, कल्याण यांसारख्या दाट वस्तीच्या पट्ट्यातही नाल्यांच्या काठी व जुन्या भिंतींच्या भेगांत वाढलेल्या उंबरांवर त्याचा संसार चालू असतो.

मराठी भाषेने या कीटकाची नोंद फार पूर्वी घेतली आहे. झाकलेली उणी उकरून काढण्याच्या खटाटोपाला ‘उंबर फोडून केंबरी उडविणे’ असे म्हणतात. जी व्यक्ती क्वचितच दृष्टीस पडते तिला ‘उंबराचे फूल’ म्हणण्याचा प्रघात तर सर्वांच्या परिचयाचा आहे. संस्कृतात उंबराला ‘जंतुफल’ असे सार्थ नाव असून ते अमरकोशात आलेले आहे. फूल कोणाला दिसत नाही आणि फळ फोडताच किडे दिसतात, ही दोन्ही निरीक्षणे बरोबर आहेत. त्यांचा परस्परसंबंध मात्र लोकांच्या ध्यानात आला नाही. फुले फळाच्या आत असतात म्हणून ती दिसत नाहीत, व ती आत असतात म्हणूनच त्यांना आत शिरणारा कीटक लागतो. उंबराला लागलेली कीड म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाते, त्याच्यावाचून उंबराला एकही सकस बी धरता येत नाही.

उंबराचा फुलोरा वड, पिंपळ व अंजीर यांच्याप्रमाणेच कुंभासनी प्रकारचा असतो. पुष्पासन मडक्यासारखे पोकळ व मांसल असून त्याच्या आतल्या पृष्ठभागावर अत्यंत बारीक, हजारो एकलिंगी फुले दाटीने असतात. आपण व्यवहारात ज्याला कोवळे फळ म्हणतो तो वस्तुतः हा बंद फुलोरा होय. त्याच्या टोकाशी एक लहानसे छिद्र असून ते एकावर एक बसलेल्या खवल्यांसारख्या छदांनी झाकलेले असते. स्त्री-पुष्पे संख्येने फार अधिक असतात. पुं-पुष्पे छिद्राच्या आसपास असतात व ती स्त्री-पुष्पांच्या मागाहून, पुष्कळ दिवसांनी पक्व होतात. म्हणजे एका फुलोऱ्यातील पराग त्याच फुलोऱ्यातील फुलांच्या उपयोगी पडू शकत नाही. स्त्री-पुष्पांचे किंजल कमी-अधिक लांबीचे असतात. ज्यांचे किंजल आखूड त्यांचे देठ लांब असल्यामुळे त्यांचे किंजपुट पोकळीच्या बाजूला येतात, तर लांब किंजल असलेल्या फुलांचे किंजपुट भिंतीलगत राहतात. हा भेद वरवर क्षुल्लक वाटतो, पण झाड व कीटक यांच्यातील वाटणी त्याच्यावरच अवलंबून असते. उंबराचे फुलोरे पानांच्या बगलेत न येता खोडावर व जुन्या फांद्यांवर घोसाघोसांनी येतात, हेही त्याचे एक वैशिष्ट्य आहे.

जीवनचक्र : स्त्री-पुष्पे पक्व झाली की फुलोऱ्यातून विशिष्ट गंधद्रव्ये बाहेर पडू लागतात. प्रत्येक जातीच्या झाडाच्या गंधमिश्रणाची घडण वेगळी असल्यामुळे शेजारी वड आणि पिंपळ असले तरी केंबऱ्याची मादी उंबराकडेच येते. मादी सुमारे २ मिमी. लांब, काळपट व पंखयुक्त असते. फुलोऱ्यावर उतरून ती शृंगिकांनी पृष्ठभाग चाचपते व छिद्र शोधते. तिचे डोके चपटे, पाचरीसारखे असून जबड्यांच्या मागील भागावर उलट्या दिशेने वळलेले दात असतात. पुढे सरकता येते, पण मागे घसरणे होत नाही. छदांच्या फटीतून आत घुसताना तिचे पंख व बहुधा शृंगिकांची टोकेही तुटून पडतात. हा प्रवेश तिच्या आयुष्यातील शेवटचा प्रवास होय; पंख गमावल्यामुळे दुसऱ्या झाडाकडे जाणे तिला शक्य नसते. कित्येक माद्या छदांमध्येच अडकून मरतात.

आत पोहोचलेली मादी आपला अंडनिक्षेपक किंजलातून खाली घालून किंजपुटात अंडे ठेवते व ते करीत असतानाच वक्षाच्या खालील बाजूस असलेल्या खिशांसारख्या पोकळ्यांतील पराग पुढच्या पायांनी काढून किंजल्कांवर पसरते. मधमाशी फुलावर जाते ती मधासाठी. पराग अंगाला चिकटून जातो हा योगायोग. केंबऱ्याची गोष्ट वेगळी आहे. येथे पराग गोळा करणे, साठविणे व किंजल्कावर नेऊन ठेवणे या तिन्ही क्रिया कीटक जणू ठरवून करतो, व त्यांसाठी त्याच्या शरीरात स्वतंत्र अवयवांची योजना आहे. वक्षावरील या परागपिशव्यांचे कार्य १९६९ मध्ये, रामीरेस यांनी एकीकडे आणि इस्राएलमधील गालिल व आयझिकोविच यांनी दुसरीकडे, स्पष्ट केले. केंबऱ्याला या श्रमाचा लाभ आहेच, कारण परागण न झालेले फुलोरे झाडावरून गळून पडण्याचा संभव असतो व त्यांबरोबर त्याची संततीही नष्ट होते.

आखूड किंजलाच्या फुलांत अंडनिक्षेपक किंजपुटापर्यंत सहज पोहोचतो; तेथे अंडी घातली जातात व त्या किंजपुटांच्या गाठी बनतात. लांब किंजलाच्या फुलांत तो बहुधा पोहोचत नाही. तेथे परागण मात्र होते व बीज धरते. अशा रीतीने एकाच फुलोऱ्यात काही फुले कीटकाच्या वाट्याला व काही झाडाच्या वाट्याला जातात. अंडी घालून झाल्यावर मादी आतच मरते.

अंड्यातून बाहेर पडलेली अळी गाठीतील ऊतकांवर वाढते. एका गाठीत एकच अळी असते. ती तेथेच कोशावस्थेत जाते. अंड्यापासून प्रौढ कीटकापर्यंतच्या वाढीस साधारणपणे महिना ते दीड महिना लागतो. हिवाळ्यात हा काळ लांबतो. या सर्व अवधीत फुलोरा हिरवा व कठीण राहतो.

नर प्रथम बाहेर येतात. ते पिवळसर, पंखहीन व जवळजवळ दृष्टिहीन असून त्यांचे जबडे बळकट असतात. मादी अजून आपल्या गाठीत बंदिस्त असतानाच नर त्या गाठीला भोक पाडतो व आपले लांबविता येणारे उदर आत घालून तिचे फलन करतो. त्यानंतर अनेक नर मिळून फुलोऱ्याच्या भिंतीतून बाहेर जाणारा बोगदा कोरतात. हे काम संपते तेव्हा त्यांचे आयुष्यही संपते. काही बोगद्यातून खाली पडून मुंग्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात, बाकीचे आतच मरतात. प्रकाश ज्याने क्वचितच पाहिला अशा या प्राण्याने खोदलेल्या वाटेने माद्या बाहेर पडतात. दरम्यान पुं-पुष्पे पक्व झालेली असतात. माद्या त्यांतील पराग आपल्या पिशव्यांत भरून घेतात आणि मग उडून जातात.

हे सर्व योग्य क्रमाने कसे घडते याविषयी पिंपळावर झालेले एक संशोधन उद्‌बोधक आहे. गालिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये असे दाखविले की, बंद फुलोऱ्याच्या पोकळीत कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ अधिक असते. या वातावरणात नर क्रियाशील राहतात, माद्या मात्र सुस्त असतात. नरांनी भिंतीला भोक पाडले की वायू निघून जातो, माद्या हालचाल करू लागतात, आणि त्यानंतर फळ पिकण्याची क्रिया सुरू होते. पिंपळाचा परागक कीटक वेगळा असला, तरी त्या कुलातील एकंदर व्यवस्थेची कल्पना यावरून येते.

केंबऱ्यांमध्ये अफलित अंड्यांपासून नर व फलित अंड्यांपासून माद्या उत्पन्न होतात. एका फळात नरांचे प्रमाण फार थोडे असते. फुलोऱ्यात एखादीच मादी शिरली तर तिचे पुत्र एकमेकांशीच स्पर्धा करणार, म्हणून थोडेच नर पुरतात, असे याचे स्पष्टीकरण ब्रिटिश जीववैज्ञानिक हॅमिल्टन यांच्या १९६७ मधील सिद्धांताने देता येते. पुढे हॅमिल्टन यांनी ब्राझीलमध्ये अंजीर-वंशीय झाडांच्या कीटकांचा स्वतः अभ्यास केला.

फळातील इतर रहिवासी : उंबर फोडल्यावर दिसणारा प्रत्येक किडा केंबरेच असतो असे नाही. सायकोफागा व अपोक्रिप्टा या प्रजातींतील कीटकही त्याच फळात वाढतात. त्यांच्या माद्या आत न शिरता आपला लांबलचक, केसासारखा अंडनिक्षेपक बाहेरूनच भिंतीतून आत घालतात. यांपैकी काही स्वतःच्या गाठी तयार करतात, तर काहींच्या अळ्या इतरांच्या अळ्यांवर परजीवी म्हणून जगतात. त्यांच्याकडून परागण होत नाही. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत उंबरावरील कीटकसमूहाचा दीर्घकाळ अभ्यास झाला असून, कठीण फळ भेदणाऱ्या परजीवी अपोक्रिप्टाच्या अंडनिक्षेपकाच्या दातांत जस्त असल्याचे तेथील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. फळावर वावरणाऱ्या मुंग्या अशा बाहेरून अंडी घालणाऱ्या कीटकांना हुसकावतात किंवा पकडतात. तांबड्या विणकर मुंग्या, म्हणजे कोकणातील ओंबील, त्यांत प्रमुख होत. त्या केंबऱ्यांनाही खातात, पण आत शिरलेले केंबरे त्यांच्या हाती लागत नाही. याशिवाय सूत्रकृमी केंबऱ्याच्या अंगावरून एका फळातून दुसऱ्या फळात प्रवास करतात. पिकून जमिनीवर पडलेल्या उंबरात फळमाश्या व भुंगेरेही वाढतात. झाडाखालच्या फळात जे वळवळताना दिसते ते बहुधा यांपैकी असते, कारण तोवर केंबऱ्याच्या माद्या केव्हाच निघून गेलेल्या असतात.

बाजारात मिळणाऱ्या अंजिराविषयी या संदर्भात पुष्कळदा शंका विचारली जाते. पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात ज्याची लागवड होते ते अंजीर परागणावाचून फळ धरणारे आहे. त्यात कीटक शिरण्याची आवश्यकता नसते. स्मर्ना प्रकारच्या अंजिराला मात्र ब्लास्टोफागा हा कीटक लागतो, व त्यासाठी १८९९ मध्ये तो कॅलिफोर्नियात मुद्दाम नेऊन वाढविण्यात आला.

झाड व त्याचा परागक यांचे नाते नेहमी इतके घट्ट असतेच असे नाही. कोकोचे उदाहरण तुलनेसाठी घेण्यासारखे आहे. कोकोची फुलेही उंबराप्रमाणे खोडावर व जुन्या फांद्यांवर येतात, व त्यांचे परागणही अशाच अतिसूक्ष्म कीटकांवर, म्हणजे फॉर्सिपोमिया प्रजातीच्या १ ते ३ मिमी. लांबीच्या चिलटांवर, मुख्यतः अवलंबून असते. त्रिनिदादमध्ये १९४१ च्या सुमारास बिलेस यांच्या अभ्यासातून ही गोष्ट पुढे आली. परंतु या चिलटांची वाढ कोकोच्या फुलात होत नाही. ती कुजणारा पालापाचोळा, कोकोच्या फळांची टाकलेली टरफले, केळीचे सडके खुंट अशा ओलसर जागी होते. अळीच्या चार अवस्था व कोशावस्था तेथेच पार पडून सुमारे महिन्याभरात एक पिढी पूर्ण होते. म्हणून बाग झाडून स्वच्छ ठेवणाऱ्या बागाइतदाराच्या कोकोला फळे कमी धरतात, व केळीचे खुंट कापून झाडांखाली पसरणे हा तेथे उपाय ठरतो. केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तमिळनाडू या राज्यांत नारळ-सुपारीच्या छायेत कोकोची लागवड होते तेथेही सावली, ओल व कुजका पाला यांचे महत्त्व तेवढेच आहे. कोकोच्या चिलटाला आसरा देणे माणसाच्या हातात आहे. केंबऱ्याला मात्र दुसरा आसरा नाही. त्याचे घर, अन्न व स्मशान एकाच जातीच्या झाडावर असते.

परिस्थितिविज्ञान : प्रौढ मादी साधारणपणे एक-दोन दिवसच जगते व त्या काळात काहीही खात नाही असे मानले जाते. एका झाडावरचे फुलोरे बहुधा एकाच वेळी एकाच अवस्थेत असतात. म्हणून ज्या दिवशी त्या झाडावरून माद्या उडतात त्या दिवशी त्यांना स्वीकारू शकेल असा फुलोरा त्याच झाडावर क्वचितच असतो. तेव्हा दुसऱ्या, वेगळ्या अवस्थेतील झाडाचा शोध त्या दोन दिवसांत लागणे आवश्यक असते. सारे उंबर एकाच ऋतूत न बहरता वर्षभर कोणते ना कोणते झाड फुलोऱ्यावर असते, यामागील कारण हेच होय. परिसरातील झाडे मिळून जणू एक साखळी बनते; एखादी कडी निखळली तर कीटकाची पिढी तेथे खुंटते.

ही उणीव काही अंशी वाऱ्याने भरून निघते. केंबऱ्यासारख्या हलक्या कीटकाला स्वतःच्या बळावर फार उडता येत नाही, पण झाडांच्या शेंड्यांवरच्या वाऱ्यात शिरल्यावर तो दूरवर वाहून जातो. नामिबियाच्या वाळवंटात उंबराच्या निकटच्या नात्यातील फायकस सायकोमोरस या झाडावरील सेराटोसोलेन अरॅबिकस हा कीटक सुमारे १६० किमी. पर्यंत पराग नेतो, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसून आले. परंतु साखळी तुटल्याची उदाहरणेही आहेत. सारावाक येथील लांबिर टेकड्यांत १९९८ च्या तीव्र अवर्षणात काही अंजीर-वंशीय झाडांचा फुलोरा खंडित झाला आणि त्यांचे परागक कीटक त्या भागातून नाहीसे झाले. उष्णतेचा परिणामही दुर्लक्षणीय नाही. सिंगापूरमध्ये केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, तेथील तापमानात तीन-चार अंशांनी वाढ झाल्यास या कुलातील प्रौढ कीटकांचे आधीच अल्प असलेले आयुष्य आणखी घटते, असे आढळले.

केंबऱ्यावर अवलंबून असणाऱ्यांची यादी उंबरापाशी थांबत नाही. इतर फळझाडे रिकामी असतात अशा महिन्यांतही उंबर पिकलेले असते. तांबट, बुलबुल, कोकीळ, धनेश, महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, फळखाऊ वटवाघळे, खारी, वानरे व उदमांजरे ती फळे खातात. नदीकाठच्या उंबराची पाण्यात पडलेली फळे मासे खातात. या प्राण्यांच्या विष्ठेतून बी दूरवर पडते व भिंतीच्या फटीत, पुलाच्या कठड्यात किंवा विहिरीच्या बांधकामात रुजते. ठाण्याजवळील येऊरच्या जंगलात जे घडते तेच ठाकुर्ली-कल्याणच्या रेल्वेमार्गालगतच्या एखाद्या एकाकी उंबरावरही लहान प्रमाणात घडते. अशा झाडाला फळे धरलेली दिसली, तर केंबऱ्याच्या उड्डाणाच्या टप्प्यात दुसरा उंबर आहे असे खुशाल समजावे.

ठाणे व कल्याण-डोंबिवली या शहरांची वाढ गेल्या अर्धशतकात अतिशय झपाट्याने झाली. दोन्ही ठिकाणी अनुक्रमे १९८२ व १९८३ मध्ये महानगरपालिका स्थापन झाल्या. नाले बांधून काढले गेले, जुन्या भिंती व विहिरी गेल्या, आणि त्यांबरोबर आपोआप उगवलेले उंबरही गेले. मुद्दाम लावावयाच्या झाडांत उंबर सहसा नसतो, कारण खाली पडणाऱ्या फळांचा सडा व त्यावरील किडे इमारतीच्या आवारात कोणाला नको असतात. महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्षसंरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये झाड तोडण्यास परवानगी लागते, व २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या झाडांना विशेष संरक्षण देण्यात आले. भिंतीत उगवलेला दहा-बारा वर्षांचा उंबर या विशेष संरक्षणात बसत नाही. साखळीतील कडी म्हणून त्याची गरज मात्र जुन्या झाडाइतकीच असते, आणि त्याच्या बदली लावलेले रोप फळावर येईपर्यंत काही वर्षे जातात. फांद्यांची छाटणी त्या मानाने कमी घातक ठरते, कारण फुलोरे खोडावर येत असल्याने ते बऱ्याच अंशी वाचतात. डासांविरुद्ध केल्या जाणाऱ्या धूरफवारणीत डास व केंबरे असा भेद अर्थातच होत नाही.

दत्त संप्रदायाने औदुंबर पवित्र मानल्यामुळे दत्तमंदिरांच्या आवारातील व पारांवरील झाडांना कुऱ्हाड लागत नाही. नृसिंहवाडी, सांगली जिल्ह्यातील औदुंबर व गाणगापूर या क्षेत्रांची गोष्ट प्रसिद्धच आहे. परंतु मोठ्या शहरांतील लहानसहान दत्तमंदिरांमागे उभा असलेला एकेक उंबर या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. ही झाडे एकमेकांपासून दूर असली, तरी वेगवेगळ्या वेळी बहरतात, व त्यांपैकी एकावरून उडालेली केंबरी वारा अनुकूल असल्यास दुसऱ्यावर पोहोचू शकतात.